आक्काच्या दंडावरची पट्टी

आमच्या आक्काचा नियम साधा होता. दिवस मावळला की तोंड बंद. अन्न नाही, पाणी नाही, औषधाची गोळी तर नाहीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं हा नियम पाळला. आमच्या घरात लग्न असो की मयत, पाच वाजले की आक्काचं ताट आधी वाढायचं, ही शिस्त नव्या सुनेला पहिल्या आठवड्यातच कळायची.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परत आली ती इथंच राहिली. निपाणीजवळच्या आमच्या गावात काळ्या जमिनीची तंबाखू, आणि त्या तंबाखूचा सगळा कारभार आक्काच्या हातात. आप्पा नुसते नावाला मालक. रोप लावण्यापासून वखारीत माल पडेपर्यंत बायका सांभाळायच्या, रोज वाटायचा, कोण कामाला किती ते बघायचं, हे सगळं तिनंच केलं. आणि त्याच वेळी घरात तंबाखूचं नाव काढायची सोय नव्हती. पान नाही, विडी नाही, मिश्री तर दाराच्या आतसुद्धा नाही. सप्त व्यसनांचा त्याग केलेलं घर आमचं. "पिकवायची, इकायची, पर तोंडाला लावायची न्हाई," असं ती अभिमानानं सांगायची. लहानपणी मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आमच्या भागातली कितीतरी जैन घरं अशीच उभी राहिलीत.

२०१६ च्या दिवाळीनंतर आक्का बेळगावला माझ्याकडे आली ती अंगात दुखणं घेऊनच. स्तनातली गाठ तिनं दोन वर्षं कुणाला दाखवली नव्हती. कुणाला म्हणजे मलाही नाही, जिला ती आंघोळीच्या वेळी पाठ चोळायला हाक मारायची. दाखवली तेव्हा ते मणक्यात उतरलं होतं. वय ऐंशी पार. डॉक्टरांनी मोठी ट्रीटमेंट नको म्हणून सांगितलं, दुखणं तेवढं आवाक्यात ठेवू म्हणाले. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. अफूचं औषध म्हटल्यावर घरातल्या पुरुषमंडळींनी तोंडं वाकडी केली, पण दुखणं पुरुषमंडळींना होत नव्हतं.

अडचण वेगळीच निघाली. ती गोळी दर चार तासांनी घ्यायची. दिवसा ठीक होतं. संध्याकाळी साडेपाचची शेवटची गोळी, आणि मग सकाळी सूर्य उगवेपर्यंत काही नाही. हिवाळ्यातली रात्र केवढी मोठी असते ते त्या महिन्यात मला कळलं. रात्री दहा-साडेदहापर्यंत ती शांत पडायची. मग कण्हणं. दीड-दोनला ती उशीचा कोपरा दातात धरायची, म्हणजे मी जागी होऊ नये. मी जागीच असायची.

"आक्का, एक गोळी. घोटभर पाणी. देव काय बघत बसलाय होय?"

"देव न्हाई बघत. मी बघतीया की."

यावर काय बोलणार? डॉक्टरांनी झोपताना दुप्पट डोस सुचवला, तोही रात्रीचाच. शेवटी त्यांनीच पट्टीचं नाव काढलं. दंडावर चिकटवायची, तीन दिवस राहू द्यायची. औषध कातडीतून आत जाणार, गिळायचं काही नाही.

माझी धाकटी लेक तेव्हा बेळगावातच बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होती. पट्टीचं पाकीट घरात आल्यावर तिला जणू घरातच प्रॅक्टिकल मिळालं. आक्काच्या पलंगावर मांडी घालून तिनं सगळं समजावून सांगितलं. आक्काला सांगताना ते मलाही कळलं. इतकी वर्षं मी हे कातडं अंगावर बाळगून फिरत होते, त्याच्याबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

लेक म्हणाली, "आक्काआजी, आपल्या गावच्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर आण. कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात? कातडीचा सगळ्यांत वरचा थर तसा असतो. मेलेल्या पेशींची चपटी कौलं, पंधरा-वीस थर. आणि त्या कौलांच्या फटीत चरबीसारखा गिलावा भरलेला." पुस्तकात विटा आणि चुन्याची भिंत असा दाखला देतात म्हणे, पण बेळगावच्या माणसाला कौलच बरं कळतं. हा अख्खा थर केवढा? हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, त्यातले दहा ते वीस मायक्रॉन. वहीच्या कागदाचा पाचवा-दहावा हिस्सा. तळहात-तळपायाला मात्र जाड. आपल्या अंगातलं पाणी उडून जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं मुख्यतः तो मेलेला पापुद्रा करतो. त्याच्या खाली जिवंत पेशी, पण तिथंही रक्त नाही. रक्ताच्या बारीक नळ्या त्याच्याही खाली, दुसऱ्या जाड थरात. तळाशी नवी पेशी जन्मते, वर सरकत सरकत मरते, चारेक आठवड्यांत कौल होऊन झडून जाते. आंघोळीला अंग चोळताना जो मळ निघतो म्हणून आपण खूश होतो, त्यात हीच झडलेली कौलं असतात.

"मग छप्पर येवढं घट्ट असंल तर औषध आत शिरतंय कसं?" आक्कानं विचारलं. ती शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण प्रश्न बरोबर नेमक्या जागी विचारायची.

सगळीच औषधं शिरत नाहीत, हेच तर उत्तर. रेणू लहान पाहिजे. वजनाचा एक ढोबळ हिशोब आहे, पाचशेच्या आतला असेल तर आशा. गिलावा चरबीचा, म्हणून औषधाला चरबीत विरघळता आलं पाहिजे, पण खाली गेल्यावर ओलसर भाग लागतो म्हणून थोडं पाण्यातही. आणि थोडक्या मात्रेत काम करणारं पाहिजे, कारण एवढ्याशा चौकोनातून ग्रॅमभर औषध काही जात नाही. आक्काच्या पट्टीतलं फेंटॅनिल असंच. वजन तीनशे छत्तीस, चरबीत मुरणारं, आणि लागतं किती तर ताशी पंचवीस मायक्रोग्रॅम. ग्रॅमचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले पंचवीस उचलायचे. बामातला कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व दीडशेच्या घरातले, म्हणून ते जातात. शेजारच्या काकींना इन्सुलिनची पट्टी पाहिजे होती, रोज सुई टोचून घ्यायचा कंटाळा. ते मात्र पाच हजार आठशेचं धूड. लेक म्हणाली, त्याला दारातूनच परत जावं लागतं.

तोंडानं घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. तिथं पुष्कळ औषधांचा मोठा हिस्सा मोडून पडतो, उरलेलं अंगाला मिळतं. कातडीतून गेलेलं औषध हा जकातनाका चुकवून थेट रक्तात मिसळतं. अमेरिकेत अशी पहिली पट्टी १९७९ साली बाजारात आली, ती कानामागं लावायची, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून. तिच्यातलं औषध आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही सापडतं. आंबोलीचा घाट चढताना ज्या बायका लिंबू हुंगत बसतात त्यांच्यासाठीच जणू. फेंटॅनिलची पट्टी आली १९९० साली.

इथं एक आठवण मध्येच सांगते. कॉलेजात औषध कातडीतून किती जातं हे मोजायला काचेचं एक दुहेरी भांडं असतं, मध्ये पापुद्रा ताणून बसवायचा. पापुद्रा कशाचा घ्यायचा? मेलेल्या जनावराचा नको, अंड्याच्या आतला तर आमच्या पोरीला शिवायलाही नको. तेव्हा तिला कुठंतरी वाचायला मिळालं की सापानं टाकलेली कातही चालते, जगात संशोधक ती वापरतात. लगेच आक्काला फोन. आक्कानं गड्याला बांधावर पाठवून दोन हात लांब कात मिळवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.नं धाडली. "सापाला काय तरास न्हाई, पोरीला मार्क," असा निरोप. तेव्हा तिला काय ठाऊक, की पुढं हाच धडा तिच्याच दंडावर होणार आहे.

आता खरा प्रश्न. पट्टी म्हणजे आहार की नाही?

आक्काचा स्वाध्याय दांडगा होता. तिनंच सांगितलं की आहार सहा प्रकारचे मानलेत. आपण घास घेतो तो कवलाहार. अंड्यातलं पाखरू आईच्या उबेवर वाढतं तो ओजाहार. आणि झाडं तोंड नसताना अंगानंच घेतात तो लेपाहार. श्वेतांबर परंपरेत अंगावरच्या रोमांवाटे होणारा लोमाहारही सांगितलाय, हे मला नंतर कळलं. ज्या काळात सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळात कातडीतूनही काही आत जातं याचा विचार करून माणसांनी त्याला वेगळं नाव देऊन ठेवलं, याचं मला आजही नवल वाटतं. विज्ञान आधीच सांगितलं होतं असं मी म्हणणार नाही, ती आपल्याकडची एक वाईट खोड आहे. पण प्रश्न त्यांना पडला होता, एवढं खरं.

"म्हणजे मी आता झाड झाले म्हण की," आक्का म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

तरी तिचं समाधान झालं नाही. गावाजवळ एक माताजी होत्या, त्यांना भाच्याकरवी विचारून घेतलं. उत्तर आलं की नियम तू तोंडानं घ्यायच्या आहाराचा घेतलास, लेपाला आणि तेलाला त्यात बंदी नाही. मुनींच्याही अंगाला दुखण्यात लेप लावतात, ती वैयावृत्त्यच आहे. तरीही आक्कानं आपली एक अट घातलीच. पट्टी बदलायची ती दिवसाउजेडी. रात्री आत जात असेल ती जाऊ दे, लावायची मात्र सूर्य वर आल्यावर. तीन दिवसांचा हिशोब असल्यानं हे सहज जमलं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला, बस्तीतून आलेलं गंधोदक कपाळाला लावून झालं की पट्टी.

ती लावायचीही रीत असते. जागा नुसत्या पाण्यानं धुवायची, साबण नाही, तेल तर अजिबात नाही. कोरडी करायची. केस असतील तर कात्रीनं कापायचे, वस्तरा लावायचा नाही, ओरखडा पडला की छप्पर फुटलं. चिकटवून तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरायचं. पुढची पट्टी दुसऱ्या जागी. पट्टी लावली आणि दुखणं पळालं असं होत नाही. औषध आधी कातडीत साठतं, मग झिरपतं. चांगला परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास. म्हणून पहिल्या दिवशी गोळ्याही चालू ठेवल्या होत्या. दुसऱ्या रात्री आक्का साडेचारपर्यंत झोपली. मी मात्र सवयीनं दोनला उठले आणि तिच्या नाकापुढं हात धरून बसले.

त्या बऱ्या दिवसांतच एका दुपारी लेकीनं सहज म्हणून निकोटिनच्या पट्टीचं सांगितलं. सिगारेट सोडायची असेल त्याला अशीच पट्टी लावतात. निकोटिनचं वजन एकशे बासष्ट, पाण्यातही विरघळतं, चरबीतही. कातडीतून जाण्यासाठी जणू मुद्दाम बनवलेलं. आणि मग ती म्हणाली, "मम्मी, हिरव्या तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांना जो त्रास होतो, तो यानंच. दवानं पान ओलं होतं, निकोटिन पाण्यात उतरतं, ते पाणी हाताला, दंडाला, कपड्याला लागतं. ओली कातडी तर आणखी सैल. गरगरणं, मळमळ, उलट्या, घाम, चेहरा पांढराफटक."

मी आक्काकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

खुडणीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. दिवाळीनंतर झाडाचे शेंडे मोडायचे, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. पहाटेचं दव. बायका कमरेपर्यंत ओल्या. हाताला तो काळा चिकट चीक बसायचा, तो राखेनं घासला तरी निघायचा नाही, भाकरी कडू लागायची. दहा-अकरा वाजता एखादी नवी पोर बांधावर जाऊन ओकायची. दरवर्षी. त्याला आमच्याकडं "तंबाखू लागली" असंच म्हणत. शब्द इतका बरोबर होता, अर्थाकडे कुणी बघितलं नाही. कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे नजर, आणि कुणी म्हणे कामाचा कंटाळा. जुन्या बायकांना सहसा काही व्हायचं नाही. त्या मिश्री लावायच्या, निकोटिनची त्यांना सवय. ज्यांनी जन्मात तंबाखू तोंडाला लावली नाही त्यांनाच ती जास्त लागायची.

गुजरातेतल्या तंबाखू मजुरांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला, तो १९८७ साली छापून आला. मजुरांना हातमोजे दिले, तर त्रास कमी झाला. साधे हातमोजे. आमच्या निपाणीचं नाव १९८१ साली देशभर झालं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, सहा एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. मी तेव्हा पाचवी-सहावीत होते, घराच्या खिडक्या लावून बसल्याचं आठवतं. त्याच काळात तंबाखूच्या चाकीत राबणाऱ्या बायकांनी संघटना केली. 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा त्यांच्यावरचा माहितीपट १९८२ साली निघाला, दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं तो केला. भाव, मजुरी, वागणूक, सगळ्यावर भांडणं झाली. हातमोज्याचा विषय आमच्या बांधावर कधी निघाल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरातून तर नाहीच.

बऱ्याच वेळानं आक्का म्हणाली, "म्हणजे मी जन्मभर तंबाखू खाल्ली म्हण."

"खाल्ली नाहीस गं आक्का."

"आत गेली न्हवं? राती बी गेली असंल. हाताचा चीक कुठं निघतोय. तिनं काय माझा नियम इचारला?"

मला वाटलं तिला आपल्या नियमाचं वाईट वाटतंय. ते होतंच. पण दोन दिवसांनी कळलं की खरं टोचत होतं दुसरंच. एक पोर होती, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, नवीन लग्न होऊन आलेली. ती बांधावर दोनदा ओकली आणि तिथंच आडवी झाली. आक्कानं तिला कामचुकार म्हटलं आणि तिचा अर्धा रोज कापला. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. "तिला बलीव," आक्कानं मला सांगितलं.

गावात निरोप गेला. ती बाई आता स्वतःच आजी झालेली, नातवाच्या मोटरसायकलवर बसून निपाणीपर्यंत आणि पुढं बसनं बेळगावला आली. येताना मिरच्या आणि शेंगा घेऊन. आक्कानं हात जोडले तेव्हा ती गडबडून गेली.

"आक्का, हे काय वो! मला कुठलं आठवतंय ते."

"मी तुझा अर्धा रोज कापला."

"कापलाच असंल. समदीच कापायची." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला स्वयंपाकघरात उठून जावंसं वाटलं. "तुमी लिंबाचं पाणी बी दिल्तं तवा. ते ध्यानात हाय."

आक्कानं तिला पाकीट दिलं. तिनं आधी नको म्हटलं, मग घेतलं. जाताना तिनं पट्टीकडं बघितलं आणि मला विचारलं, हे गुडघ्याला चालतंय काय म्हणून. मी नाही म्हटलं. हे गंभीर दुखण्यासाठी, डॉक्टरशिवाय हात लावायचा नाही. ती म्हणाली, "गरिबाच्या दुखण्याला पट्टी नस्ती बगा."

कातडी सगळीकडे सारखी नसते, हेही मला त्याच महिन्यात कळलं. अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी १९६७ साली मोजून ठेवलंय. हाताच्या पुढच्या भागातून स्टेरॉइडचं एक माप आत जात असेल, तर कपाळातून सहा मापं, जबड्याच्या कोनातून तेरा. तळपायातून मात्र सातवा हिस्सा. तळहात एवढा जाड, पण त्यातूनही जवळजवळ हाताइतकंच. हे मी बायकांसाठी मुद्दाम सांगते. आमच्या नात्यातल्या एका मुलीनं लग्नाआधी गोरं दिसायला म्हणून मेडिकलमधून बारकी ट्यूब आणून चार महिने तोंडाला लावली. त्यात स्टेरॉइड होतं. आधी तोंड उजळलं, मग लाल झालं, कातडी पातळ होऊन आतल्या नसा दिसायला लागल्या, बंद केलं की आग. लग्नाच्या फोटोत तिनं पदर गालावर ओढून घेतलाय. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ साली कडक केला. काउंटरवर तो किती पाळला जातो ते तुम्हीच जाऊन बघा.

आता माझी चूक सांगायची राहिली. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला, पण हात तिकडे जात नव्हता.

संक्रांतीच्या आधीची थंडी. त्या खेपेला पट्टी पाठीवर होती, खांद्याच्या खाली. आक्का म्हणाली पाठ धरलीय, शेक गं जरा. मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पाठीशी ठेवली, वरून शाल, वरून घोंगडी. तिला बरं वाटलं. झोप लागली. मी खूश. पलीकडे बसून भाजी निवडत होते. तास-सव्वा तासानं हाक मारली, तर ओ नाही. हलवलं, तर डोळे अर्धे उघडून परत मिटले. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतकं अंतर, की मी मनात आकडे मोजायला लागले. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

लेक घरात होती म्हणून निभावलं. तिनं पिशवी फेकली, पट्टी ओढून काढली, जागा पुसली, आणि आम्ही रिक्षातच दवाखाना गाठला. उष्णतेनं पट्टीतून औषध जास्त सुटतं, कातडी जास्त वाट देते आणि खालच्या रक्तनळ्या फुगून ते भराभर वाहून नेतात. ताप आला तरी असंच होऊ शकतं. तीन दिवसांचं औषध घाईनं आत निघालं होतं. आणि पट्टी काढली म्हणजे संपलं, असंही नाही. कातडीत जे साठलेलं असतं ते पुढं कितीतरी तास झिरपत राहतं. अंगातलं औषध निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. म्हणून तिला पुरे दीड दिवस तिथं नजरेखाली ठेवलं.

पाकिटातल्या कागदावर हे लिहिलं होतं. बारीक इंग्रजी अक्षरात. तो कागद मी घडी घालून देवघराच्या फडताळात ठेवला होता, नीट सांभाळून, न वाचता. शेक म्हणजे माया, इतकंच मला ठाऊक. आईनं शेकलं, आजीनं शेकलं, बाळंतिणीला शेकलं. शेकानं कुणी मरायला टेकेल हे डोक्यात कसं यावं? लेक मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शुद्धीवर आल्यावर आक्कानं पहिली गोष्ट काय विचारली असेल? "दिवस हाय का रात?" दुपार होती. मग पाणी मागितलं.

मी तिला सगळं सांगितलं. माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मी मागितलं, तू दिलंस. आता नको देऊस." एवढंच. आणि तिनं मला जवळ ओढून माझा तळहात आपल्या तळहातावर उलटा ठेवला. तिचे हात म्हातारपणी मऊ झाले होते, पण बोटांच्या पेरांवर अजून ते जुने काळपट डाग होते. चार आठवड्यांत कातडी नवी होते असं लेक सांगते. ते डाग कुठल्या थरात होते मला माहीत नाही.

त्यानंतर ती पाच आठवडे राहिली. पट्टी चालूच होती, शेक बंद. पाठ धरली की मी नुसता हात ठेवून बसायची. गेली ती फेब्रुवारीत, पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. पट्टी बदलायचा दिवस होता तो.

सकाळी बायका स्नान घालायला आल्या तेव्हा दंडावरची पट्टी मीच काढली. खाली चौकोनी जागा होती, बाकीच्या हातापेक्षा पांढरी, कडेनं धुळीची बारीक रेघ. वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं, घरात लहान मूल असेल तर जिवावर बेतू शकतं. या खेपेला मी कागद वाचलेला होता. चिकट बाजू आत घेऊन पट्टी मध्यावर दुमडली, दाबली, वेगळ्या पिशवीत घालून गाठ मारली, आणि साबणानं नाही, नुसत्या पाण्यानं हात धुतले.